शाहीन ससाण्याचे घरटे आणि पिल्ले : कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरसंक्रांतीच्या सुमारास शाहीन ससाण्यांची जोडी कड्याभोवती घिरट्या घालू लागते आणि त्याच सुमारास माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचीही संख्या वाढते. काही प्रश्न पन्हाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे असतात, काही परदेशातील इमारतींवरची घरटी कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे, तर काही गच्चीवर कबुतरे पाळणाऱ्यांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे लागत असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बहिरी ससाणा आणि शाहीन ससाणा हे एकच की वेगवेगळे पक्षी?

जात एकच, उपजाती वेगळ्या. जगभर पसरलेल्या या जातीला मराठीत बहिरी ससाणा म्हणतात. तिची आपल्याकडे बारमाही राहणारी आणि येथेच वीण घालणारी उपजात म्हणजे शाहीन. शाहीन आकाराने लहान आणि गडद असतो. डोके काळे, गळा पांढुरका आणि पोट तांबूस. हिवाळ्यात उत्तर आशियातील टुंड्रा प्रदेशातून येणारी उपजात मोठी व फिकट असते, तिचे पोट पांढुरके आणि आडव्या रेघांचे असते. ऑक्टोबरनंतर आलेली ही पाहुणी मंडळी मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात आणि भारतात घरटे करत नाहीत. म्हणून नोव्हेंबरमध्ये एखाद्या मोबाइल टॉवरवर ससाणा रोज येऊन बसत असेल, तर तो तेथे घरटे करणार असे लगेच समजू नये. आधी त्याच्या पोटाचा रंग पाहावा.

२. ‘बहिरी’ म्हणजे या पक्ष्याला ऐकू येत नाही का?

त्याला उत्तम ऐकू येते. हा शब्द ‘बहरी’ या बाजदारांच्या, म्हणजे ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांच्या, जुन्या शब्दावरून आला असून त्याचे मूळ समुद्राचा अर्थ असलेल्या अरबी ‘बहर’ शब्दात आहे. ‘शाहीन’ हा शब्द फारसी आहे.

३. आकाशात उडणारा पक्षी घार आहे, शिक्रा आहे की ससाणा, हे दुरून कसे ओळखावे?

घारीची शेपटी मध्ये खाचलेली असते आणि ती पंख फारसे न हलवता संथपणे वळणे घेत राहते. रंकाळ्यावर किंवा मंडईवर तासभर घिरट्या घालणारा पक्षी जवळजवळ नेहमीच घार निघतो. शिक्र्याचे पंख आखूड व टोकाला गोलसर असतात, शेपटी लांब असते आणि तो चार-सहा वेळा पंख मारून थोडा तरंगतो. ससाण्याचे पंख मात्र लांब आणि टोकाला निमुळते असतात, छाती भरदार असते आणि पंखांची फडफड वेगवान व उथळ असते. बसलेला पक्षी दिसला तर डोळ्याखालून गालावर उतरलेला मिशीसारखा काळा पट्टा शोधावा. एका जागी हवेत थबकून खाली गवतात पाहणारा छोटा, विटकरी पाठीचा ससाणा म्हणजे खरुची. ती आपल्या माळांवर हिवाळ्यात पुष्कळ दिसते.

४. कोल्हापूर शहरातील इमारतीवर याचे घरटे पाहायला मिळेल का?

भारतात शाहीन ससाण्याने इमारतींवर आणि मोबाइल टॉवरवर घरटी केल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ही गोष्ट अशक्य नाही. परंतु शाहीन मुळात कड्याचा पक्षी आहे आणि कोल्हापूरला कड्यांची वाण नाही. पन्हाळा शहरापासून जेमतेम २० किलोमीटरवर आहे, त्यापलीकडे विशाळगडापर्यंत आणि दक्षिणेला भुदरगड-रांगण्यापर्यंत सह्याद्रीचे काळ्या बेसॉल्टचे तुटलेले कडे आहेत. जेथे उघडी, उंच, माणसाचा हात न पोहोचणारी कपार मिळते, तेथे त्याला सिमेंटची कपार शोधावी लागत नाही. म्हणूनच माझा सल्ला असा की, शहरात त्याला शिकार करताना पाहावे, घरटे कड्यावर दुर्बिणीतून पाहावे आणि घरट्याच्या आतला संसार पाहण्याची हौस परदेशातील कॅमेऱ्यांवर भागवावी. (पाहा प्रश्न १२.)

५. मग परदेशात ससाणे शहरात राहायला का आले?

उंच इमारत ससाण्याच्या दृष्टीने कडाच असते आणि तिच्या पायथ्याशी कबुतरांच्या रूपाने अन्नही तयार असते. कॅनडातील माँट्रियल शहरात सन लाइफ कंपनीच्या इमारतीवर १९३६ ते १९५२ या काळात ससाण्यांचे वास्तव्य होते आणि ते शहरी घरट्यांचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण आहे. तेथे सुरुवातीला उघड्या दगडी कठड्यावर अंडी टिकत नव्हती. वाळू-खडीचे खोके ठेवल्यानंतर पिल्ले वाढू लागली.

त्यानंतरचा काळ मात्र वाईट गेला. डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी झालेल्या शेतातील किडे लहान पक्षी खात आणि ते पक्षी ससाणे खात. अन्नसाखळीत वरवर साचत गेलेल्या या विषाने अंड्यांचे कवच पातळ झाले आणि उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच अंडी फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील अंड्यांच्या कवचांशी तुलना करून १९६७ मध्ये हे दाखवून दिले. अमेरिकेच्या पूर्व भागातून तर घरटी करणारे ससाणे १९६० च्या दशकात नाहीसेच झाले होते. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, बंदिवासात वाढवलेली पिल्ले मनोऱ्यांवरून आणि इमारतींवरून मोकळी सोडण्यात आली आणि १९९९ मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्त जातींच्या यादीतून बाहेर आला. इमारतीवरून जगात पाऊल टाकलेल्या पिल्लांपैकी अनेकांनी पुढे इमारतच घरट्यासाठी निवडली. आज कॅमेऱ्यात जे दिसते, ते या सगळ्या कष्टांचे फळ आहे.

६. आपल्याकडे घरट्याचा हंगाम कोणता?

साधारण डिसेंबर ते एप्रिल. सुरुवातीला नर-मादी कड्यासमोर एकत्र उडतात, नर उंचावरून सूर मारतो आणि मादीला भक्ष्य आणून देतो. मादी कपारीत वरचेवर जाऊ लागली की अंड्यांचे दिवस जवळ आले, असे समजावे. साधारण दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक करून बहुधा तीन किंवा चार अंडी घातली जातात, तांबूस-तपकिरी ठिपक्यांची. ती उबवायला महिनाभर लागतो. पिल्ले आणखी पाच ते सहा आठवड्यांनी उडतात. सगळ्या जोड्या एकाच आठवड्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे एका कड्यावर पिल्ले उडू लागली असताना दुसऱ्या कड्यावर ती पांढऱ्या लवीत असू शकतात.

७. कपारीत काड्या-कुड्या काहीच दिसत नाहीत. ते घरटे कसे म्हणायचे?

ससाणा काड्यांचे घरटे बांधत नाही. कपारीतील माती किंवा बारीक खडीत छातीने आणि पायांनी उथळ खळगी करतो आणि तीत अंडी घालतो. कपार सापडते ती कड्यावरून खाली ओघळलेल्या विष्ठेच्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे. परंतु असे पट्टे पारव्यांच्या आणि घुबडांच्या बसण्याच्या जागीही असतात, तेव्हा पट्टा दिसला म्हणजे घरटे सापडले असे नाही. पक्ष्याची ये-जा दिसली पाहिजे. कधी कधी ही जोडी कावळ्याचे किंवा अन्य शिकारी पक्ष्याचे जुने घरटेही वापरते.

८. घरट्यापासून किती अंतर ठेवावे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि माझ्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाचाही. समोरासमोर पाहायचे असेल तर किमान २५० ते ३०० मीटर अंतर ठेवावे आणि शक्य असेल तर दरीच्या पलीकडच्या अंगाला बसावे. मात्र आकड्यापेक्षा बाजू महत्त्वाची आहे. कपारीच्या खालून, पायवाटेने जाणारी माणसे ससाणा बराच वेळ सहन करतो. कपारीच्या वर, कड्याच्या माथ्यावर माणूस आला की त्याला तो थेट धोका वाटतो, मग अंतर शंभर मीटर असो की दोनशे.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्याच वर्षी चांगले दिसावे म्हणून मी माथ्यावरून वाकून पाहायला गेलो. मादी ओरडत बाहेर पडली आणि मी मागे हटल्यानंतरही पाऊण तास परतली नाही. ते मार्चमधले दिवस होते आणि ऊन कपारीत शिरू लागले होते. दुपारच्या उन्हात उघडी पडलेली अंडी किंवा लव फुटलेली पिल्ले थोड्या वेळातही दगावू शकतात, हे मला तेव्हा कळले नव्हते. त्या वर्षी पिल्ले झाली, परंतु त्यात माझा शहाणपणा काहीच नव्हता. त्यानंतर मी एकदाही माथ्यावरून घरटे पाहिलेले नाही.

ससाणा ‘कॅक-कॅक-कॅक’ असा कर्कश, न थांबणारा आवाज करत तुमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर तुम्ही जास्त जवळ आला आहात. छायाचित्र मिळेपर्यंत न थांबता त्याच पावली परत फिरावे. कोणत्याही कारणाने ड्रोन उडवू नये; घरट्याजवळ आलेल्या ड्रोनवर ससाणा झडप घालतो आणि त्याच्या पात्यांनी पक्ष्याचा जीव जाऊ शकतो.

आणखी एक सावधगिरी माणसांसाठी. याच कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, भडक अत्तर आणि दगड मारणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

९. जोतिबाची चैत्र यात्रा नेमकी पिल्लांच्या दिवसांत येते. त्या गर्दीचा त्रास होत नाही का?

लाखो माणसे, सासनकाठ्या, गुलाल आणि हलगीचा कडकडाट असूनही, ससाण्याला सवयीची गर्दी आपल्या ठरलेल्या वाटेने जात असेल तर त्याचा फारसा त्रास होत नाही. परदेशात भर चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यांवर पिल्ले वाढतात ती याच कारणाने. त्रास होतो तो वाट सोडून कड्याच्या काठावर आलेल्या दोन माणसांचा, कारण ती त्याला अनपेक्षित असतात. कड्यावरून दोर लावून उतरण्याचे साहसी कार्यक्रम मात्र डिसेंबर ते मे या काळात घरट्याच्या कड्यावर मुळीच ठेवू नयेत. पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती जुलैत होते, तेव्हा पिल्ले कधीच उडून गेलेली असतात.

१०. कोणती दुर्बीण घ्यावी?

८x४२ मापाची दुर्बीण पुरेशी आहे. तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप असेल तर तीनशे मीटरवरूनही पिल्ले मोजता येतात. स्कोप महाग असतो, तेव्हा चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी.

११. पिल्लांची वाढ दर आठवड्याला कशी ओळखायची? आणि शिकार कोण आणते?

मादी शेवटच्या एक-दोन अंड्यांच्या वेळी नीट उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले एक-दोन दिवसांच्या फरकाने बाहेर येतात आणि आकाराने सारखी राहतात. पहिल्या आठवड्यात दुरून पिल्ले दिसतच नाहीत. मादी कपारीत घट्ट बसून राहते आणि नर शिकार आणतो, एवढेच दिसते. तिने भक्ष्याचे बारीक तुकडे करून मान खाली-वर केली, की पिल्ले बाहेर आली असे ओळखावे. दुसऱ्या आठवड्यात आधीच्या विरळ लवीच्या जागी दाट, करडी-पांढरी लव येते. तिसऱ्या आठवड्यात पंखांच्या कडांना गडद पिसे डोकावतात. चौथ्या आठवड्यात पिल्ले चितकबरी दिसतात आणि स्वतः मांस तोडू लागतात. पाचव्या आठवड्यात लवीचे पुंजके डोक्यावर आणि पाठीवर तेवढे उरतात आणि पिल्ले कपारीच्या काठावर उभी राहून जोरजोराने पंख मारतात. नर मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांश लहान असतो, म्हणून नर पिल्ले हलकी असतात आणि सहसा बहिणींच्या आधी उडतात.

पिल्ले लहान असेपर्यंत शिकारीचा बहुतेक भार नरावर असतो. तो लांबूनच आवाज देतो, मादी कपारीतून निघते आणि हवेतल्या हवेत, कधी पाठीवर उलटी होऊन, त्याच्या पंजातून भक्ष्य घेते. दिवसभर बसून हे एकदाच दिसले तरी दिवस सार्थकी लागतो. पिल्ले मोठी झाल्यावर मादीही शिकारीला जाते. आपल्याकडे पारवे, पोपट, साळुंक्या, पाकोळ्या आणि कधी वटवाघळे हे त्यांचे भक्ष्य असते. शिकारीसाठी मारलेल्या सुराचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे जातो.

उन्हाच्या वेळी मादी पंख अर्धवट पसरून कपारीत नुसती उभी दिसली, तर ती आजारी नाही. ती पिल्लांवर सावली धरून उभी आहे.

१२. घरट्याच्या आतले पाहायचे आहे. कॅमेरे कोठे आहेत आणि आपल्या वेळेनुसार केव्हा पाहावे?

अनेक शहरांतील घरट्यांचे थेट चित्रण विनामूल्य पाहता येते. इंग्लंडमध्ये डर्बी आणि नॉरिच येथील कॅथीड्रल, अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली येथील घंटामनोरा आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधील कॉलिन्स स्ट्रीटवरची उंच इमारत ही प्रसिद्ध ठिकाणे आहेत. उत्तर गोलार्धात मार्च-एप्रिलमध्ये अंडी, एप्रिलअखेर ते मेमध्ये पिल्ले आणि जूनच्या आसपास पहिले उड्डाण असा क्रम असतो. मेलबर्नला ऋतू उलटे असल्याने ऑगस्टअखेरीस अंडी दिसू लागतात आणि नोव्हेंबरमध्ये पिल्ले उडतात. याचा अर्थ असा की, जानेवारी ते एप्रिल आपला कडा, मग जूनपर्यंत युरोप-अमेरिका आणि पावसाळा सरता सरता मेलबर्न असे जवळजवळ वर्षभर कोल्हापुरात बसून पाहता येते.

वेळेचे गणित असे: त्यांच्या उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणून तेथील सकाळचे भरवणे आपल्याला सकाळी दहा-अकराला दिसते. बर्कली साडेबारा तास मागे असल्याने संध्याकाळी सात वाजता लावले तर तेथे पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात. मेलबर्न साडेचार तास पुढे आणि ऑक्टोबरपासून साडेपाच तास पुढे असते. न्यूयॉर्कसारख्या झगमगत्या शहरांत ससाणे दिव्यांच्या उजेडात रात्रीही शिकार करतात, तेव्हा मध्यरात्री घरट्यात ताजे भक्ष्य दिसले तर नवल वाटू नये.

१३. चारपैकी एक अंडे उबलेच नाही. पालकांनी ते टाकून का दिले नाही?

एखादे अंडे निकामी निघणे नेहमीचे आहे. ते बरेच दिवस खळगीतच लोळत राहते आणि शेवटी पिल्लांच्या पायांखाली फुटते. पिल्लू दगावल्यास पालक कधी कधी त्याचे मांस इतर पिल्लांना भरवतात. पाहणाऱ्याला, विशेषतः मुलांना, ते सहन होत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु कपारीत अन्न वाया जात नाही आणि त्यात क्रौर्य शोधू नये.

१४. अंडी असताना नर मेला, तर मादी एकटी पिल्ले वाढवू शकते का?

पिल्ले मोठी असतील तर एखादी समर्थ मादी निभावून नेऊ शकते. अंडी किंवा अगदी लहान पिल्ले असतील तर फार कठीण असते, कारण उबवणे आणि शिकार ही दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत. तरी अपवाद घडतात. बर्कलीच्या मनोऱ्यावरील ग्रिनेल नावाचा नर ३१ मार्च २०२२ रोजी मृत सापडला, तेव्हा त्याची जोडीदार ॲनी अंड्यांवर होती. एक नवा नर जवळजवळ लगेचच तेथे आला, त्याने तिला भक्ष्य दिले आणि स्वतः अंड्यांवर बसला. त्या वर्षी पिल्ले झाली.

१५. शिकारी पक्ष्याचे पिल्लू जमिनीवर सापडले. काय करावे?

शहरात सापडलेले असे पिल्लू बहुधा घारीचे, शिक्र्याचे किंवा गव्हाणी घुबडाचे असते. कृती मात्र एकच आहे. पिल्लाला पूर्ण पिसे आलेली असून ते चालत-फडफडत असेल, तर कुत्र्या-मांजरांपासून सुरक्षित अशा उंच जागी ठेवून दूर व्हावे, पालक आसपास असतात. जखमी असेल तर जाड कापड टाकून, पंज्यांपासून हात जपत उचलावे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळवावे. दूध, भात, पाणी यांतले काहीही चोचीत घालू नये. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरते. मोबाइलवर चित्रण करत भोवती घोळका जमवू नये.

१६. माझी कबुतरे ससाणा नेतो. मी काय करू?

जिवापाड जपलेले कबूतर डोळ्यांदेखत गेल्याचे दुःख खरे आहे आणि मी ते कमी लेखत नाही. ससाणा दिनक्रम ओळखतो, म्हणून रोज एकाच वेळी कबुतरे सोडू नयेत. ससाणा जवळच्या टॉवरवर बसलेला असेल तर त्या दिवशी सोडूच नयेत आणि पिल्लांच्या दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल, उड्डाणे कमी ठेवावीत. हा पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे, पकडणे किंवा त्याच्या अंड्यांना व घरट्याला धक्का लावणे ही कायद्याने शिकारच ठरते आणि त्यासाठी तुरुंगवास होतो.

१७. संस्थानकाळी शिकारीसाठी जनावरे पाळली जात. आज ससाणा पाळता येईल का?

नाही. कोल्हापूरची पाळीव चित्त्यांकडून करवली जाणारी शिकार प्रसिद्ध होती, परंतु तो काळ आणि तो कायदा वेगळा होता. प्रश्न १६ मधील कायदा पाळण्यालाही लागू होतो.

१८. आमच्या उंच इमारतीवर खडीचे खोके ठेवले तर ससाणा येईल का?

परदेशात अशी खोकी उपयोगी पडली, कारण तेथे ससाणे इमारतीवर आधीच येत होते आणि अंडी घरंगळत होती. आपल्या इमारतीवर वीण हंगामात जोडी सलग दिसत नसेल, तर खोके बहुधा पारव्यांच्या उपयोगी पडेल. ज्यांना काही करायचे आहे त्यांनी कड्यांकडे लक्ष द्यावे: कपारीवर रंगाने नावे लिहिणे, माथ्यावर बाटल्या फोडणे आणि फटाके वाजवणे थांबवले तर शंभर खोक्यांपेक्षा अधिक साध्य होईल.

१९. घरटे सापडले. फोटो आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकावे का?

फोटो जरूर टाकावा, पण पिल्ले उडून गेल्यावर आणि ठिकाण न सांगता. गडाचे नाव, बुरुजाचे नाव, पार्श्वभूमीला ओळखू येणारी तटबंदी आणि मोबाइलने फोटोत आपोआप नोंदवलेले स्थान, यांतले काहीही राहू देऊ नये. एका सुंदर छायाचित्रामुळे पुढच्या रविवारी वीस जण त्याच माथ्यावर येतात. मला घरट्याचे ठिकाण विचारणाऱ्यांना मी ते सांगत नाही, अगदी जवळच्या मित्रांनाही. याच कारणाने या पानावरही एकाही घरट्याची जागा दिलेली नाही. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बोलावणेही टाळावे.

२०. मे महिन्यात एकाच कड्यावर पाच ससाणे दिसले. तेथे दोन-तीन जोड्या आहेत का?

एवढ्या जवळ दुसऱ्या जोडीला हे पक्षी राहू देत नाहीत. ते बहुधा एकच कुटुंब आहे. नीट पाहिले तर दोघांची पाठ निळसर-करडी दिसेल आणि तिघांची तपकिरी, पोटावर उभ्या गडद रेघांची. ती या वर्षाची पिल्ले. उडायला लागल्यावर महिना-दीड महिना ती पालकांवर अवलंबून असतात. पालक भक्ष्य घेऊन येतात आणि ते लगेच न देता पुढे पुढे उडत राहतात, पिल्ले ओरडत पाठलाग करतात आणि शेवटी हवेतच ते हिसकावून घेतात. पुढे पालक जिवंत पक्षी पिल्लांसमोर सोडून देतात आणि पकडणे त्यांच्यावर सोपवतात. जन्मलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या वर्षात मरतात, आणि जी उरतात ती हे आठवडे नीट शिकलेली असतात. वळवाच्या दुपारी काळे ढग पन्हाळ्यावर चढत असताना ही तीन तपकिरी पिल्ले एकमेकांवर लुटुपुटुचे सूर मारताना दिसतात. मृगाचा पाऊस सुरू झाला की कडा धुक्यात जातो, आणि उघडीप मिळाल्यावर तेथे पुन्हा दोघेच बसलेले असतात.